अवांतर वाचन आणि सिक्स्थ फॉर्म: मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरात इयर ट्वेल्व्ह, म्हणजे सिक्स्थ फॉर्म या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतलं पहिलं वर्ष, सुरू झालं की आठ-दहा दिवसांत मुलं एक कागद घरी आणतात. वर ‘वाइडर रीडिंग’ लिहिलेलं असतं आणि खाली वीस-पंचवीस नावं. तो कागद फ्रिजवर लागतो आणि मग प्रश्न सुरू होतात. मी इंग्लंडमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलांचे प्रश्न मला कामावर भेटतात, पालकांचे मंडळाच्या गणपतीत आणि दिवाळीत. इथे दोघांनाही उत्तरं दिली आहेत; पालकांना ‘तुम्ही’ म्हटलंय, मुलांना ‘तू’. हे सगळं इंग्लंड-वेल्सच्या ए-लेव्हलबद्दल, म्हणजे या दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेबद्दल आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, तिथले नियम तिथल्या शाळेलाच विचारा.

‘वाइडर रीडिंग’ म्हणजे नेमकं काय? गोष्टीची पुस्तकं त्यात धरायची का?

आपल्याकडे याला अवांतर वाचन म्हणतात. शब्द चांगला आहे, पण घराघरांत त्याचा अर्थ ‘अभ्यास आटोपल्यावर वेळ उरला तर’ असा होऊन बसलाय. इथल्या शाळांना अभिप्रेत आहे ते वेगळं: वर्गात जो विषय चालू आहे त्याच विषयात, पण परीक्षा मंडळाच्या स्पेसिफिकेशनचं, म्हणजे ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमाचं, कुंपण ओलांडून केलेलं वाचन. काही शाळा त्याला ‘सुपर-करिक्युलर’ म्हणतात. केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीने रहस्यकथा वाचली तर आनंदच आहे, पण ते तिचं स्वतःचं वाचन झालं. मेणबत्ती जळते म्हणजे काय होतं यावर तिने वीस पानं वाचली, तर ते या अर्थाने अवांतर वाचन.

आम्ही बारावीला पाठ्यपुस्तक आणि अपेक्षित प्रश्नसंच करून चांगल्या मार्कांनी पास झालो. इथे ते का पुरत नाही?

खरं सांगायचं तर काही विषयांत बऱ्यापैकी पुरतं. गणिताच्या ए-लेव्हलचे मार्क अवांतर वाचनाने वाढत नाहीत. ते जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून, चुका शोधून, परत सोडवून वाढतात. जो कोणी सांगेल की चार पुस्तकं वाचली की गणितात ए-स्टार, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

इतिहास, इंग्रजी साहित्य, भूगोल यांचं तसं नाही. या विषयांत एकूण मार्कांपैकी २० टक्के मुलांनी स्वतः करायच्या कामाला असतात, ज्याला शाळेत ‘एनईए’ किंवा कोर्सवर्क म्हणतात. तिथे पाठ्यपुस्तकाबाहेर गेल्याशिवाय काम उभंच राहत नाही. शिवाय ए-लेव्हलला बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. विषय कमी, म्हणून खोली जास्त अपेक्षित. आपल्या बारावीत सहा विषयांचा डोलारा सांभाळताना कुठल्याही एका विषयात खोल जायला उसंत नसायची. इथे ती मुद्दाम ठेवलेली आहे.

मला सगळे सांगतात वाच, वाच. पण सुरुवात कुठून करू?

वर्गात शिक्षक एक वाक्य हमखास बोलतात: “हे तुम्हाला परीक्षेला लागणार नाही.” ते वाक्य ऐकू आलं की वहीच्या कोपऱ्यात खूण कर. शिक्षक तिथे थांबले कारण वेळ नव्हता, विषय संपला म्हणून नाही. तुझं अवांतर वाचन तिथून सुरू होतं.

महिनाभरात तुझ्याकडे अशा दहा-बारा खुणा जमतील. त्यातल्या आठ तुला कंटाळवाण्या वाटतील, त्या सोडून दे. एक-दोन अशा असतील की बसमध्येसुद्धा डोक्यात येत राहतील. त्यातली एक घे आणि ग्रंथालयात जाऊन ‘मला याबद्दल वाचायचंय’ असं सांग. आम्ही याच कामासाठी बसलेलो आहोत. कुठलं पुस्तक हवं हे तुला माहीत असण्याची गरज नाही, प्रश्न माहीत असला की झालं.

सुरुवातीची काही वर्षं मीही विषयवार याद्या छापून वाटत असे. मुलं त्या नीट फाइलला लावायची आणि पुस्तकं कपाटातच राहायची. यादीऐवजी प्रश्न विचारायला लागले तेव्हा पुस्तकं हलायला लागली.

आठवड्याला किती वेळ द्यायचा?

सगळ्या विषयांचं मिळून दोन तास. त्याहून जास्त जमलं तर उत्तम, पण दोन तास नेमाने झाले तरी वर्षभरात त्याचा मोठा साठा होतो. हे दोन तास रविवारी रात्री ठेवू नका. तेव्हा सोमवारचा गृहपाठ मानगुटीवर बसलेला असतो. कॉलेजात ‘फ्री पिरियड’ असतात, त्यातला एक याला राखून ठेवला की घरी वादच नको.

पुस्तक पूर्ण वाचायलाच हवं का?

नाही. कथा-कादंबरी, नाटक पूर्ण वाच. बाकी माहितीपर पुस्तकात प्रस्तावना, मग तुझ्या प्रश्नाशी संबंध असलेलं प्रकरण, आणि शेवटची सूची, एवढं वाचलं तरी चालतं. विद्यापीठात सगळे असंच वाचतात. वीस पानं अशी वाच की तुला त्यांच्याशी भांडता येईल. तीनशे पानं नजरेखालून घालण्यापेक्षा ती वीस पानं मोलाची.

इतिहासासाठी काय वाचावं?

इतिहासात सगळ्यात आधी हे समजून घ्यायचं की तुमच्यासमोरचं पुस्तक कुणीतरी, कुठेतरी बसून, काही कागद वापरून आणि काही न वापरता लिहिलंय. वर्गात ‘इंटरप्रिटेशन’ म्हणून जे शिकवतात ते हेच. आणि याचं एक फार सुंदर उदाहरण आपल्या घरातलं आहे.

जेम्स ग्रांट डफ हा साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला आणि तो १८२६ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. पुढे कित्येक वर्षं मराठ्यांच्या इतिहासावरचा शेवटचा शब्द म्हणून तोच वाचला जाई. मग १८६७ च्या सुमारास पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला आणि त्यातल्या चुका आणि उणिवा दाखवल्या. विचार करा, एक विद्यार्थी उभा राहतो आणि ज्या पुस्तकावरून सगळे इतिहास शिकले त्यालाच प्रश्न विचारतो. त्यानंतर १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने काढायला सुरुवात केली, कारण मूळ कागद समोर असल्याशिवाय जुन्या इतिहासाला उत्तर देता येत नाही हे त्यांना कळलं होतं. त्यासाठी ते गावोगाव दप्तरं शोधत हिंडले.

ए-लेव्हलला ब्रिटिश साम्राज्याचा पेपर घेतलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. ग्रांट डफचे खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. सगळे वाचू नकोस. प्रस्तावना वाच, त्यात तो आपल्याला कागद कुठून मिळाले ते सांगतो. मग एखाद्या प्रसंगाचं त्याचं वर्णन आणि त्याच प्रसंगाचं आजच्या इतिहासकाराचं वर्णन शेजारी ठेव. कोर्सवर्कमध्ये जी तुलना करायची असते, तिचा यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

ट्यूडर राजांचा काळ किंवा रशियन क्रांती घेतली असेल तरी रीत हीच: एकच घटना, दोन इतिहासकार, आणि दोघांनी वापरलेले पुरावे. ‘नॅशनल आर्काइव्हज’च्या शैक्षणिक पानांवर मूळ दस्तऐवजांची छायाचित्रं आणि त्यांचं वाचन करून दिलेलं असतं, ते फुकट आहे. ब्रिटिश संसदेतल्या जुन्या चर्चा हॅन्सार्ड या तिच्या अधिकृत नोंदींमध्ये सापडतात. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून या संसदेवर निवडून आले. ते सभागृहात काय बोलले हे आज कुठलीही सतरा वर्षांची मुलगी घरबसल्या वाचू शकते. आमच्या पिढीला हे स्वप्नातही नव्हतं.

इंग्रजी साहित्याला समीक्षा वाचायची की आणखी कादंबऱ्या?

दोन्ही, पण आधी मूळ कलाकृती पुन्हा. नेमलेलं नाटक एकदाच वाचून त्यावरची पाच पुस्तकं वाचणारी मुलं मी पाहते. त्यांच्या निबंधात दुसऱ्यांची मतं असतात, स्वतःचा कान नसतो. नाटक असेल तर मोठ्याने वाचा, शक्य असेल तर प्रयोग पाहा.

मराठी घरातल्या मुलाला इथे एक दार जास्त उघडं आहे. शेक्सपियरची जी नाटकं ए-लेव्हलला नेहमी असतात त्यांचा मराठीशी दीडशे वर्षांचा घरोबा आहे. गोपाळ गणेश आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे हॅम्लेटचं रूप १८८३ मध्ये आलं, आणि ते करताना ते काही काळ डोंगरीच्या तुरुंगात होते. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘झुंजारराव’ म्हणजे ऑथेल्लो, १८९० चं. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वर लिअरची सावली आहे हे तर आजी-आजोबा सहज सांगतील. ऑथेल्लो अभ्यासाला असलेल्या मुलीने आजोबांकडून झुंजाररावाचा एक प्रवेश वाचून घेतला आणि ‘मूळ नाटकात जिथे वंशाचा प्रश्न आहे तिथे देवलांनी काय केलं?’ असं विचारलं, तर तिच्या हातात स्वतःचा प्रश्न आला. मराठी वाचता येत नसेल तर ऐकता येतं.

कवितेसाठी अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’. मूळ इंग्रजीतलं आहे, १९७६ चं, आणि १९७७ चं कॉमनवेल्थ कविता पारितोषिक त्याला मिळालं. अनोळखी कवितेवर लिहायचा जो प्रश्न असतो त्याच्या सरावाला मी ते देते, कारण कविता छोट्या आहेत, शब्द सोपे आहेत आणि अर्थ सहजासहजी हाताला लागत नाही.

गणितात वाचायचं काय? गणित तर करायचं असतं.

बरोबर, म्हणून गणितातलं अवांतर वाचन हातात पेन्सिल घेऊनच होतं. केंब्रिज विद्यापीठाचा ‘एनरिच’ हा प्रकल्प प्रश्नांसाठी आणि ‘प्लस’ हे मासिक लेखांसाठी, दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य.

‘प्लस’मध्ये ६१७४ या संख्येवर एक लेख आहे. ती संख्या देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी शोधली. चार अंकी कुठलीही संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, आणि वजाबाकी कर. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा कर, ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. इथपर्यंत गंमत झाली. गणित सुरू होतं ते ‘का?’ विचारल्यावर. तीन अंकी संख्यांत असं होतं का? दोन अंकीत काय होतं? माझ्या ओळखीचा एक मुलगा या दोन अंकी प्रश्नात दोन आठवडे रमला होता. त्याला ते करायला कुणीही सांगितलं नव्हतं.

कापरेकर विद्यापीठात नव्हते, शाळामास्तर होते. गणिताची वाट कुणालाही खुली आहे हे आपल्या मुलांना कळावं म्हणून मी ही गोष्ट सांगत असते.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीला पुस्तकं की मासिकं?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली मासिकं बहुतेक कॉलेजं मागवतात, तिथून सुरुवात बरी. पण वर्षातून एकदा तरी मूळ शोधनिबंध वाचून पाहावा. त्याची भीती वाटते आणि वाचला की ती जाते.

बायॉलॉजीसाठी मी नेहमी एकच सुचवते. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध ‘नेचर’मध्ये २५ एप्रिल १९५३ ला आला. तो जेमतेम पानभराहून थोडा जास्त आहे. त्याच अंकात त्याच्या मागोमाग आणखी दोन निबंध आहेत, एक विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, दुसरा रोझलिंड फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचा. तिन्ही एका बैठकीत चाळता येतात. पहिल्यात प्रतिकृती आहे, पुढच्या दोनांत प्रयोगांची मापं आहेत. कुणाचं श्रेय कशाचं, हा वाद ऐकीव माहितीवर घालण्यापेक्षा तीन निबंध समोर ठेवून घालावा.

केमिस्ट्रीला मायकल फॅरडेची मेणबत्तीवरची व्याख्यानं. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली सहा व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपात आली. भाषा जुनी आहे, प्रयोग आजही समजतात.

फिजिक्स घेतलेल्यांच्या घरी जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ असेल तर केंब्रिजचा भाग आईने किंवा बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावा. भारतातून आलेला एक तरुण तिथे कसा शिकला, काय वाचत होता, कुणाशी वाद घालत होता, हे ऐकताना मुलं शांत बसतात असा माझा अनुभव आहे.

इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिक्ससाठी रोजचं वर्तमानपत्र पुरे का?

वर्तमानपत्र हवंच, पण त्यातला आकडा जिथून आला तिथे एकदा तरी जा. बँक ऑफ इंग्लंड वर्षातून चार वेळा पतधोरण अहवाल काढते. महागाई २ टक्क्यांवर ठेवायचं तिचं उद्दिष्ट असताना ऑक्टोबर २०२२ मध्ये ती ११.१ टक्क्यांवर का गेली, हे त्या काळच्या अहवालांतून बँकेच्याच शब्दांत वाचता येतं. आणि बँकेचे अंदाज कुठे चुकले हेही दिसतं, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

दुसरं सुचवते ते बाबासाहेब आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्येच प्रकाशित झाला. त्यात सगळ्यात आधी एडविन कॅनन यांनी लिहिलेली छोटी प्रस्तावना वाचावी. कॅनन तिथले प्राध्यापक. ते प्रस्तावनेतच सांगतात की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटलेले नाहीत, आणि तरीही पुस्तकाची कदर करतात. न पटणाऱ्या माणसाला आदराने कसं वाचावं याचा हा धडा आहे. नंतर एखाद्या शनिवारी प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरी जाऊन या. बाबासाहेब विद्यार्थी असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं आणि आता ते स्मारक म्हणून पाहता येतं.

सायकॉलॉजी आणि लॉ?

सायकॉलॉजीत जे प्रसिद्ध प्रयोग पाठ करता, त्यांचं पुढे काय झालं ते वाचा. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यातल्या एक तृतीयांशाहून थोड्या जास्त प्रयोगांतच मूळ निष्कर्ष नीट टिकले. ‘मूल्यमापन करा’ म्हणणाऱ्या प्रश्नांना यातून खरं बळ मिळतं.

कायद्यासाठी निकालपत्रं वाचा, त्यावरच्या बातम्या नाही. इथलं सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निकालाचा छोटा सारांश प्रसिद्ध करतं. २०१९ मध्ये संसद संस्थगित करण्याबाबत ११ न्यायाधीशांनी एकमताने दिलेला निकाल सुरुवातीला घ्यायला चांगला आहे, कारण तो सामान्य माणसाला समजावा अशा भाषेत आहे. जुन्यांपैकी १९३२ चा, बाटलीत गोगलगाय निघाल्याचा खटला. तो सगळ्यांनाच आवडतो.

मेडिसिनला जायचंय. डॉक्टरांची आत्मचरित्रं वाचू का?

एखादं वाच. त्याआधी जनरल मेडिकल काउन्सिलची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही मार्गदर्शिका वाच. सध्याची आवृत्ती ३० जानेवारी २०२४ पासून लागू आहे. डॉक्टरकडून समाज काय अपेक्षा करतो हे त्यात थेट लिहिलेलं आहे, आणि मुलाखतीत अडचणीच्या प्रसंगांवर प्रश्न येतात तेव्हा तेच कामी येतं.

मराठीत वाचलेलं ‘मोजलं’ जातं का?

मराठीचं ए-लेव्हल इथे नाही. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांचं आहे, आपलं नाही. याची मला नेहमी खंत वाटते. त्यामुळे मराठी वाचनाचं प्रमाणपत्र मिळणार नाही. पण वाचन म्हणून ते पूर्ण मोजलं जातं. प्रकल्पात मराठी साधन वापरलं, त्याचा स्वतः अनुवाद केला आणि तसं नमूद केलं, तर ते काम वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे नसतं. विद्यापीठाच्या अर्जातही ते लिहिता येतं. मुलं हे लपवतात, ‘हे घरचं आहे’ म्हणून. लपवू नका.

वाचायला त्रास होतो. ऐकलेलं चालेल का?

चालेल. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशीच हे सांगते. बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन अवर टाइम’चे हजाराहून अधिक भाग आहेत. प्रत्येक भागात त्या विषयाचे तीन प्राध्यापक बोलतात आणि बहुतेक भागांच्या पानावर पुढच्या वाचनाची यादी असते. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून जनतेसाठी विनामूल्य व्याख्यानं देत आलंय, आता ती घरून पाहता येतात. ऐकताना मधूनमधून थांबवून दोन शब्द टिपून घे, एवढंच.

ही सगळी पुस्तकं विकत घ्यायची म्हणजे खर्च फार होतो.

घेऊ नका. १९६४ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालय चालवणं ही इथल्या स्थानिक कौन्सिलची जबाबदारी आहे. तुमच्या करातून चाललेली सेवा आहे ती, हक्काने वापरा. शाखेत पुस्तक नसेल तर दुसऱ्या शाखेतून मागवून देतात. काही कौन्सिलं त्याला थोडे पैसे घेतात. कार्ड असलं की लिबी किंवा बॉरोबॉक्स या ॲपवरून ई-पुस्तकं आणि ध्वनिपुस्तकं फोनवर येतात. जेस्टोर या शोधलेखांच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं काढलं तर दर महिन्याला ठरावीक संख्येने शोधलेख फुकट वाचता येतात. चॅरिटी शॉपमध्येही डोकावत जा. विद्यापीठ असलेल्या गावांत तिथे फार चांगली पुस्तकं निघतात.

वाचलेलं लक्षात राहत नाही. टिपण कसं काढू?

प्रत्येक वाचनाला चार ओळी. काय वाचलं आणि कुठलं पान. लेखकाचं म्हणणं एका वाक्यात. ते मानायला त्याने कोणतं कारण दिलं. आणि तुला न पटलेलं किंवा न कळलेलं काय. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, ती कोरी सोडू नकोस. तारीख घाल. वर्षाअखेरीस ही वही चाळलीस की तुझे प्रश्न कसे बदलत गेले ते दिसेल, आणि अर्ज लिहायची वेळ येईल तेव्हा कोऱ्या पडद्यासमोर बसावं लागणार नाही.

विद्यापीठाच्या अर्जात वाचनाबद्दल किती लिहायचं?

विद्यापीठांचे अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशापासून तिच्या अर्जातल्या पर्सनल स्टेटमेंटचे, म्हणजे स्वतःबद्दलच्या निवेदनाचे, तीन प्रश्न झाले आहेत: हा अभ्यासक्रम का, तुमच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलं. एकूण मर्यादा ४००० अक्षरचिन्हांची, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० चं. म्हणजे जागा थोडी आहे. दहा पुस्तकांची नावं ओळीने लिहिली की ती संपते आणि तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. एक-दोन वाचनं घे, त्यातून कोणता प्रश्न पडला आणि मग तू पुढे काय केलंस ते लिही. न वाचलेलं कधीही लिहू नकोस. जिथे मुलाखत असते तिथे त्यावर विचारतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिसिन, डेंटिस्ट्री आणि व्हेटरिनरीची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते. म्हणून खरं वाचन इयर ट्वेल्व्हमध्येच व्हायला हवं. इयर थर्टीनचा सप्टेंबर वाचायला नसतो, लिहायला असतो.

ईपीक्यू करावं का?

ईपीक्यू म्हणजे ‘एक्सटेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन’, आपणच प्रश्न निवडून करायचा प्रकल्प. ज्या मुलाच्या डोक्यातून एखादा प्रश्न जातच नाही, त्याने जरूर करावं. साधारण ५००० शब्दांचा निबंध, अर्ध्या ए-लेव्हलइतके गुण, आणि कामाची नोंदवही. केवळ अर्जात दिसावं म्हणून घेतलेलं ईपीक्यू फेब्रुवारीत ओझं होतं, आणि मुख्य विषयांचा वेळ खातं.

एआयकडून पुस्तकाचा सारांश घेतला तर काय बिघडलं?

परीक्षेच्या कामात तो न सांगता वापरला तर तो गैरप्रकार धरला जातो, हे आधी लक्षात घे. शिवाय ही साधनं कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांची नावं देतात. ते लेख शोधत माझ्या टेबलाशी आलेली मुलं आहेत, आणि त्यांचा अर्धा दिवस वाया गेल्याचं मला वाईट वाटतं. अवघड परिच्छेद समजून घ्यायला मदत घेतलीस तर माझी हरकत नाही. पण सारांशात ती चौथी ओळ नसते. तुला न पटलेलं काय आहे हे तुझ्याऐवजी दुसरं कुणी वाचून कळणार नाही.

आम्ही त्या विषयातले नाही, इंग्रजीही कामापुरतं. मुलीला मदत कशी करणार?

जेवताना विचारा, “आज काय वाचलंस? मला समजावून सांग.” आणि मग खरोखर ऐका. मधे दुरुस्ती नको, मार्कांचा विषय नको. समजलं नाही तर ‘नाही समजलं, परत सांग’ म्हणा. ज्यांना विषयातलं काही माहीत नाही अशा माणसाला समजावून सांगणं हा मोठा अभ्यास आहे, आणि ते तुमच्याइतकं प्रेमाने दुसरं कुणी ऐकणार नाही. इंग्रजीत अडली तर ती मराठीत सांगेल. मराठीत अडली तर तुम्ही शब्द द्याल. ‘ग्रॅव्हिटी’ला गुरुत्वाकर्षण, ‘इन्फ्लेशन’ला चलनवाढ. हे शब्द कधी कधी कल्पनाच उलगडून दाखवतात.

परीक्षा जवळ आल्यावर अवांतर वाचन बंद करायचं?

हो. ईस्टरनंतर जुन्या प्रश्नपत्रिका.

इयर ट्वेल्व्हच्या उन्हाळी सुट्टीत महाराष्ट्रात जातोय. तिथे काही करता येईल का?

भरपूर. इतिहासवाल्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ पाहावं. १९१० मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने ते स्थापन झालं. मोडीतला एक कागद प्रत्यक्ष पाहिला की साधन म्हणजे काय ते कळतं. जाण्याआधी परवानगी आणि वेळ विचारून घ्या. भूगोलवाल्यांसाठी सह्याद्रीचा घाट हाच ग्रंथ आहे. रस्त्याकडेच्या कातळात एकावर एक थर दिसतात ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. वाट वाकडी करता आली तर लोणारचं सरोवर, उल्केच्या आघाताने याच बसाल्टमध्ये पडलेला खड्डा, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. इंग्रजीवाल्यांनी मावशी-काकांकडची जुनी नाटकांची पुस्तकं मागून आणावीत. सुट्टी नेमकी पावसाळ्यात येते, तेव्हा घाटात गाडी थांबवायची असेल तर जागा बघून थांबवा, कातळाच्या अगदी खाली नको, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.